लाल टाके

हिवाळ्यात तिसऱ्यांदा छाती कफाने भरली, तेव्हा सासूबाई डॉक्टरांवरच कडाडल्या, "औषध बदला, नाहीतर मी डॉक्टर बदलते!" सुनेने पिशवीतून लोकरीची पट्टी काढली. पांढऱ्या विणीत जागोजागी लाल टाके होते. "आई दुपारी झोपतात, तेव्हा मी विणत बसते. घोरताना श्वास थांबला, की लाल टाका." "मी घोरत नाही!" "मग शेजारचे खिडकी का लावून घेतात, आई?" डॉक्टर म्हणाले, "श्वास थांबून झोप अशी तुटत राहिली, तर रोगाशी लढायची ताकद कुठून येणार? झोपताना नाका-तोंडावर श्वास चालू ठेवणारं हवेचं यंत्र लावा." "तोंडाला मुसकं? छे!" सासूबाईंनी पट्टीवरून बोट फिरवले. एकही टाका सैल नव्हता. किती दुपारी ही पोर आपल्या उशाशी बसली असेल! त्यांनी पट्टी गळ्याभोवती घेतली, तोकडी पडली. "लावते यंत्र. पण सूनबाई, ही पुरी कर. उरलेली पांढरीच हवी."