वेशीत कोण उभं असेल

तांबडी पेन्सिल पुन्हा त्याच पानावर येऊन थांबली, आणि सयाजी पाळकांनी ती पुन्हा बाजूला ठेवली.

पुस्तक म्हणजे 'मोत्यांची वेस' नावाची कादंबरी. त्या साली, अठ्ठ्याण्णवच्या नाताळाआधी, कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरांत ती न वाचलेली बाई शोधूनही सापडली नसती. इचलकरंजी-हातकणंगल्याच्या मंडळ्यांत प्रती फिरून फिरून खिळखिळ्या झाल्या होत्या. महिला मंडळाला आता ती शुक्रवारच्या सभेत मोठ्याने वाचायची होती, म्हणजे सगळ्यांना मिळून रडता आलं असतं. चर्चच्या पंचांनी पुस्तक न उघडताच तासभर वाद घातला आणि शेवटी काम निवृत्त पाळकांच्या गळ्यात मारलं. शास्त्राला धरून आहे का, तेवढं तपासून सांगा.

पाळकांनी सुरुवात जोरात केली. नायक सत्कर्मांच्या बळावर स्वर्गात जातो. चूक. तारण कृपेने मिळतं, कमाईने नव्हे. मेलेलं बाळ देवदूत होतं. चूक. माणूस तो माणूस, दूत तो दूत. खलनायकाला मेल्यावर पश्चात्तापाची आणखी एक संधी मिळते. साफ चूक! असे ते तावातावाने फुल्या मारत गेले आणि शेवटच्या प्रकरणाशी अडले.

तिथे नायिका मरते. स्वर्गाच्या वेशीत तिचा नवरा मोगऱ्याचा गजरा घेऊन उभा असतो. तो तिचा हात धरून तिला घरी नेतो, आणि दोघं अनंतकाळ नवरा-बायको म्हणून राहतात.

हेही चूकच होतं. पुनरुत्थानानंतर लग्नाचं नातं उरत नाही, हे खुद्द येशूने सांगितलेलं. पाळकांनी त्यावर कितीदा तरी उपदेश केला होता. पण त्यांची रूथ जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, आणि अजूनही प्रार्थना संपली की तिचं 'आमेन' ऐकू येईल म्हणून ते क्षणभर थांबत. त्यांना ती हवी होती. दूतासारखं तेजस्वी कुणी नको होतं, तीच हवी होती, भाकरी करपली की उलट त्यांच्यावरच ओरडणारी.

शिवाय चिमणाबाई होती.

चिमणाबाई दवाखान्यात आया म्हणून राबलेली बाई. आता तिचंच हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. उपासनेत पेटी वाजवणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. नव्या जोडप्यांना लोक या दोघांचं उदाहरण देत. चिमणाबाई जुन्या वळणाची, नवऱ्याचं नाव तिने कधी उच्चारलं नाही. जिवंतपणी मालक, मेल्यावरही मालक. त्याची खुर्ची तिने भिंतीशी तशीच ठेवली होती आणि तीवर ती कुणाला बसू देत नसे.

गेल्या रविवारी तिने पाळकांना चर्चच्या पायरीवर गाठलं होतं.

"सलाम, पाळकसाब. त्ये पुस्तक वाचलंसा?"

"वाचतोय."

"शेवटाला लिवलंय त्ये खरं हाय? मालक खरंच वेशीत उभं असत्यात?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याला काय करायचंय? डोळं मिटलं की त्येच दिसतंय. घास उतरंना झालाय. माझं आता काय खरं न्हाय, जायच्या आदी तेवढं सांगा."

ही तळमळ पाळकांच्या ओळखीची होती.

पंचांना एक सांगावं आणि तिला दुसरं, असा विचार त्यांनी केला. मरणाच्या दारातल्या बाईला एक गजरा दिला तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण मग त्यांना कळलं की हे खोटं आपल्याला तिच्यापेक्षा स्वतःसाठीच हवं आहे, आणि ते फार शरमले. त्यांनी डोळे मिटून शेवटच्या पानावर फुली मारली आणि चपला घातल्या.

चिमणाबाई दुपारच्या उन्हात दाराशी चटई टाकून बसली होती, नवऱ्याच्या फोटोकडे पाठ करून. ती धडपडत उठली, आत जाऊन चहा करून घेऊन आली. डाव्या मनगटाचं हाड कधीतरी वाकडं जुळलं होतं, त्यामुळे बशी हिंदकळली. न्हाणीत पडले होते, असं ती सगळ्यांना सांगे. पाळक चटईवरच टेकले.

"सांगा," ती म्हणाली. घरात ती नेहमी हळूच बोले.

"चिमणाबाई, तिथं देव स्वतः आपले डोळे पुसेल. दुखणं नसेल, रडणं नसेल..."

"त्ये ठावं हाय मला. मालकांचं सांगा."

पाळकांनी कप खाली ठेवला.

"ते पुस्तक चुकीचं आहे. तिथं कुणी कुणाचा नवरा नाही, कुणी कुणाची बायको नाही. तुमचे मालक भेटले, तरी तुमचे मालक म्हणून भेटणार नाहीत."

ती चटईवर पुढे सरकली.

"ह्ये कुणी सांगितलंय? पंचांनी?"

"येशूनं."

"त्येच्या तोंडचं हाय?"

"त्याच्याच तोंडचं."

चिमणाबाईने पदर तोंडावर ओढला. तिचे खांदे गदगदू लागले. पाळकांनाही आता आवरेना. त्या एका वाक्यासरशी त्यांनी रूथचाही हात सोडला होता.

"मला माफ करा," ते कसेबसे म्हणाले. "तुम्ही किती आस लावून बसला होता, ते मला कळतं हो."

तिने पदर खाली घेतला. ती हसत होती.

"तिथं मालक न्हाय म्हंजी," ती म्हणाली, "मग मला मराय आता कशाचं भ्या वो, पाळकसाब?"