झाकलेली काच

“तात्या, आजच्या दिवस तुमची काच झाका,” दीपक दारातूनच म्हणाला. पायातल्या चपलाही त्याने काढल्या नाहीत.

मानसिंगच्या कपाळाला आठी पडली. जळोचीत सोलरचा बंब बसवणारा तो पहिलाच. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेने त्याने तो स्लॅबवर चढवला होता. सत्त्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात बंबाच्या काचेच्या तिरिपीने निम्मी आळी कावली. कुणाच्या डोळ्यांवर उजेड येई, कुणाची म्हैस बुजे. तक्रार घेऊन येईल त्याला मानसिंग चहा पाजायचा, “सूर्याला सांगा,” म्हणायचा आणि आला तसा परत धाडायचा.

“तुलाबी लागती व्हय तिरीप?”

“मला न्हाय. देवावर येती.” दीपक उंबऱ्यावरच टेकला. त्याचं घर मागच्या टेकाडावर, मानसिंगच्या स्लॅबच्या बरोबर समोर. “दुपार कलली की देव्हाऱ्यातला खंडोबा असा लखलखतो, बघवत न्हाय. आई म्हनती, देव जागा झालाय, रोज दर्शन देतोय. आता मला दवाखाना कशाला? आन् पोटातली गाठ तर वाढतच चाललीया. बारामतीचे डाक्टर म्हनले, आता उशीर करू नका, पुन्याला हलवा. आज जीप सांगितलीया, तात्या. देव दिसला न्हाय, तर म्हनता यील, तोच जा म्हनतोय.”

दीपकची आई दगडाबाई म्हणजे सगळ्या आळीची आक्का. बाळंतपण असो की मयत, बोलावण्याआधी हजर. देवाला फसवायचं त्याच्या जिवावर आलं. पण माणूस हातचं जायला लागल्यावर सोवळं किती पाळायचं? तो वर गेला, ताडपत्री काचेवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग अंगात सदरा घालून दीपकच्या मागोमाग टेकाड चढला. आक्काला समजवायला आपलाही एक शब्द असावा, असं त्याला वाटलं.

दगडाबाई देव्हाऱ्यासमोर बसली होती. सुरकुतलेल्या कपाळावर भंडारा, अंगावर ठेवणीतलं लुगडं. माणूस निम्मं झालं होतं, पण चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा. सून मनिषा भिंतीला टेकून उभी होती.

“बसा मानसिंगराव. बऱ्या वक्ताला आला. देव यायची येळ झाली.”

मानसिंग बसला. देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला खंडोबाचा टाक होता, पिढ्यान् पिढ्या हाताळून गुळगुळीत झालेला. पूर्वी मेंढरांमागे रानोमाळ हिंडताना या घराने तो कमरेला बांधून नेला होता. आता तो काळवंडल्यासारखा दिसत होता. बाहेर ऊन रणरणत होतं. आत उजेडाचा ठिपकाही आला नाही.

दगडाबाईने एकदा खिडकीकडे पाहिलं, पदराने टाक पुसला आणि परत हात जोडले. मानसिंगला तिच्याकडे बघवेना. तो आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राहिला. बाहेर जीपवाल्याने हॉर्न दिला.

“आई,” दीपक म्हणाला, “आज देव न्हाय आला. तुला जा म्हनतोय. ऊठ.”

दगडाबाई हलली नाही. चेहऱ्यावरची रया मात्र गेली.

“सकाळी मी कौल मागितला हुता,” ती हळू म्हणाली. “म्हनलं, मल्हारी, पोरगं लई काकुळतीला आलंय. सून चोरून रडती. आज आलास तर मी पुन्याला जाती, सुखानं कापून घेती. न्हाय आलास तर समजंन, माझं भरलं. मग हितंच मरीन.”

मनिषाने तोंडात पदर कोंबला. दीपक आईच्या पुढ्यात धाडकन बसला आणि लहान पोरासारखा तिचे पाय धरून रडायला लागला.

“आई, देव कसला! ती तात्यांच्या सोलरची तिरीप हाय. आमीच झाकली आज. म्या पाया पडून झाकाय लावली!”

“खरं हाय, आक्का,” मानसिंग उठला. “माझीच काच. आत्ता जाऊन ताडपत्री काढतो. ऊन हाय अजून.”

“बसा.” दगडाबाईने लेकाच्या डोक्यावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “काच तुमची, ती मला पयल्या दिसापासनं ठाव हाय. मी म्हातारी झाली, येडी न्हाय झाली. त्याला यायला कसलीबी वाट चालती, म्हनून मी गप हुती.”

“मग चला की, आक्का! कौल खोटा झाला. आमी खोटा केला.”

“इतके दिस तुमी काच झाकली न्हाय, मानसिंगराव. अख्खी आळी बोंबलली तरी झाकली न्हाय.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “नेमकी आजच झाकायची बुद्धी तुमाला कुनी दिली?”

मानसिंग परत खाली बसला. दगडाबाईने कपाळावरचा भंडारा बोटाने निपटून देव्हाऱ्यात परत ठेवला.

“मनिषा, च्या टाक,” ती म्हणाली. “त्या जीपवाल्यालाबी दे. उगंच खोळंबलाय बिचारा.”