लसीवरचा उतारा

कारखान्याच्या कँटीनमधील टीव्हीवर बातमी झळकली: झोप घालवणाऱ्या लसीवर उतारा शोधणे अशक्य.

"गादीवाले कायमचे बुडाले!" वाघचौरे म्हणाला.

"आता खंडोबाचं वेगळं जागरण कशाला? रोजच जागरण!" शेवडे हसला.

घैसासांनी डबा उघडलाच नाही. दुहेरी पाळीसाठी त्यांनी सर्वांआधी लस टोचून घेतली, तेव्हा त्यांची मुलगी हयात होती. ती गेल्यापासून, निदान स्वप्नात तरी दिसेल, या आशेवर ते उताऱ्याची वाट पाहत होते.

"काका, जेवून घ्या हो," वाघचौरे ओशाळून म्हणाला.

घैसास बाकावर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. झोप लागणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही शेवडेने टीव्ही बंद केला आणि सगळे हलक्या आवाजात बोलू लागले.