मशीन जात बघत नाही

घाटकोपरला एका गाळ्यात कॉम्प्युटर आणून जयवंत सामंतने लग्नं जुळवायचा धंदा काढला. बी.एस्सी. झालेल्या मीराचे वडील, धोंडिराम कांबळे, आले खरे, पण त्या खोक्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"काका, जात माणसं बघतात. मशीन फक्त शिक्षण, उंची, आवडीनिवडी बघतं. प्रोग्राम मीच लिहिलाय."

मीराची माहिती टाकली. जी मुलं निघाली, ती झाडून सगळी कांबळ्यांच्याच बुद्धविहारातली.

"ही तर दर रविवारी वंदनेला भेटतात रे," धोंडिराम म्हणाले. "तुझं लग्न झालंय?"

"नाही अजून."

"शिकलेला आहेस, उंचीलाही बरा. टाक की तुझंही नाव. बघू, मशीन काय म्हणतं."

जयवंतने हळूच बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"लाइट गेली, काका."

डोक्यावर पंखा गरगरत होता.