आतली बाजू

"दोरी ओढायची नाही पोरी, सोडवायची. सुटेल तेवढीच घ्यायची," सासरे बाहेरून म्हणाले. "आणि मी दाबतोय तिथंच घे. पुढं नको, मागं नको."

सून जुन्या पिकअपच्या सीटवर मागं तोंड करून, गुडघे टेकून बसली होती. समोर मागच्या खिडकीची चौकट, चौकटीला बाहेरून टेकवलेली नवी काच, आणि काचेपलीकडे गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात उभे सासरे. काचेला कडेनं रबर चढवलेलं, रबराच्या खाचेत दोरी दडवलेली, दोरीचं टोक तिच्या हातात. आतून दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढतो, बाहेरून तळहाताचा दाब बसतो आणि काच आपल्या जागी जाते. एकट्यानं होणारं कामच नव्हे ते. आत एक माणूस लागतं, बाहेर एक.

आतलं माणूस म्हणजे त्यांचा मुलगा, तिचा नवरा. तो वारला आणि सासऱ्यांनी काचांची कामं घेणं सोडलं. दोरी खिळ्याला टांगली ती टांगलीच. स्वतःच्या पिकअपची मागची काच फुटली तर तिथं प्लॅस्टिकचा कागद चिकटवून हिंडत होते. आणि आज सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "हात रिकामा आहे का गं? जरा आत बसतेस?"

हात रिकामा होता. मन तेवढं काठोकाठ भरलेलं. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. तिच्या मनात होकार होता, पण बाबांना सांगितल्याशिवाय मी पाऊल उचलायची नाही, असं तिनं त्याला बजावून ठेवलं होतं. आता सांगायचं कसं? घरात उरलेली माणसं दोन. त्यातल्या एकानं दुसऱ्याला 'मी निघते' हे कोणत्या तोंडानं म्हणावं? रोज रात्री जेवताना ती सांगायचं म्हणून उठायची आणि पाण्याचा तांब्या घेऊन परत यायची.

खालची कड बसली. डावी निम्म्यावर आली आणि कोपऱ्यात तिनं घाई केली. काच कर्रर वाजली.

"अगं अगं! काच आहे ती, वाळत घातलेली चादर नव्हे!" सासऱ्यांनी बोटानं साबणाचं पाणी रबराला चोळलं. "पुठ्ठ्याचं माप देऊन कापून आणलीय. या गाडीचं आता काही मिळत नाही. माझ्यासारखीच गत."

ती हसली. दोरी पुन्हा हळूहळू निघू लागली. डावी कड झाली, वरची झाली.

"बाबा..."

"हं."

"काही नाही."

बाहेरचा तळहात थांबला. "एक कड उघडी आहे अजून. सकाळपासून काय गिळतेयस ते आत्ताच बोलून टाक. काच बसली की मला ऐकू यायचं नाही."

देवा, आता तूच जीभ सोडव, असं मनात म्हणत तिनं दोरीकडे बघितलं, त्यांच्याकडे नाही. "शिंप्यानं विचारलंय मला. लग्नाचं. मला हो म्हणायचंय. पण तुम्ही नको म्हणालात तर..."

"तर?"

"तर राहीन इथंच."

सासऱ्यांनी उरलेल्या कडेला पुन्हा साबणाचं पाणी चोळलं. मग म्हणाले, "कोपऱ्यावरचा? माझी पॅन्ट आखूड शिवली तो?"

"तोच."

"ओढ," ते म्हणाले.

तिनं दोरी घेतली. तिच्या हातामागोमाग त्यांचा तळहात सरकत आला, धप्प, धप्प. आता ना पुढं, ना मागं. दोरीचं शेवटचं टोक सुटून तिच्या मांडीवर पडलं आणि बाहेरचा सगळा आवाज कुणी झाकण लावावं तसा बंद झाला.

सासरे खाली उतरले, पाण्याची नळी घेऊन पुन्हा हौद्यात चढले. काचेवर पाणी सुटलं. पाण्यामागं त्यांचा चेहरा हलला, वितळला, पुन्हा जुळला. ओठ हलत होते. बरंच काही बोलत होते ते. मध्येच त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा बोलू लागले. तिला ऐकू येत होतं ते फक्त पाणी.

तिनं दार उघडून डोकं बाहेर काढलं. "काय म्हणालात, बाबा?"

"गळतंय का, विचारलं."

एवढ्याशा प्रश्नाला एवढा वेळ लागत नाही, हे तिला कळत होतं. तिनं आत वळून काचेच्या कडेनं बोट फिरवलं. चारही बाजूंनी.

"नाही. कोरडं आहे सगळं."

"मग झालं." त्यांनी खाली उतरून नळ बंद केला. तिच्याकडून दोरी मागून घेतली, कोपर आणि तळहाताभोवती नीट गुंडाळली. खिळ्यापर्यंत गेले, तिथं क्षणभर उभे राहिले आणि दोरी तशीच हातात घेऊन परत आले.

"समोरचीपण कोपऱ्यात तडकलीय," ते म्हणाले. "उद्या ती घेऊ. त्याला म्हणावं, सकाळी दुकान जरा उशिरा उघड."

"त्याला कशाला?"

"म्हणजे? मला आत बसायला माणूस नको?" त्यांनी दोरीची गुंडाळी स्टिअरिंगला अडकवली. "मापात चुकतो, ते सोड. दोरा ओढायला तरी येत असेल की नाही त्याला?"