ठरलेला शब्द

शिट्टी. कोरडी बिस्किटं. टॉर्च. पायमोजे. पासपोर्ट.

परक्या देशात कधी काय होईल सांगता येत नाही, म्हणून त्यानं भरून ठेवलेली ही बॅग आता कोसळलेल्या इमारतीखाली होती. विमानतळाची शेवटची बस सुटायला आली होती आणि दूतावासाचा अधिकारी म्हणत होता, "पासपोर्टची निदान प्रत तरी दाखवा." प्रत गावी, आईकडे होती. त्यानं अधिकाऱ्याच्याच फोनवरून आईला फोन लावला.

"आई, मी निरंजन. कपाटातल्या माझ्या पासपोर्टच्या झेरॉक्सचा फोटो काढून या नंबरवर पाठव. लगेच!"

"आधी शब्द सांग."

हल्ली भामटे आवाजाचीसुद्धा नक्कल करतात, म्हणून त्यानंच आईला एक शब्द ठरवायला लावला होता. तो त्याला आठवेना.

"मोत्या?"

"कुत्र्याचं नाव अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

"आई, खरंच मीच आहे गं!"

"मेल्या, माझं पोर तिकडं भूकंपात सापडलंय आणि तू त्याचा आवाज काढतोस?" आई रडायलाच लागली. "ठेव फोन. त्याचा फोन येईल, लाइन मोकळी हवी."

त्यानं पुन्हा लावला. त्यानंच शिकवल्याप्रमाणे तिनं नंबर ब्लॉक केला होता. बसचं दार लागलं.

दिवाळीत आईनं त्याच्या सामानात मेतकुटाची पुडी कोंबली होती, ओझं नको म्हणून त्यानं ती बाहेर काढली होती, आणि आई म्हणाली होती, "मग निदान शब्द तरी मेतकूट ठेव."