कुंपणाबाहेरचा बाक

"आत्या, माझी बॅग धर जरा, जॅकेट घालून आलेच," म्हणत रुचा रांगेतून पळालीसुद्धा.

आज तिला गाइडचा बिल्ला मिळणार होता. कॉर्क शहराच्या कडेला, घरांच्या रांगा आणि मोठा रस्ता यांच्या मधोमध असलेल्या या अभयारण्याला इतक्या बारीक जाळीचं कुंपण होतं की उंदीरही आत शिरत नसे. मांजर, कोल्हा तर लांबच. म्हणून टिटव्या इथे जमिनीवर बिनधास्त अंडी घालत आणि आयर्लंडचा एकुलता एक देशी सरडा फळ्यांवर ऊन खात पडून राही.

वर्षभर दर शनिवारी रुचा इथे राबली होती. आज पहिल्यांदाच ती स्वतः लोकांना फिरवणार होती. पण फाटकावरचा नियम कडक होता. प्रत्येक बॅग उघडून झटकायची. आणि स्वयंसेवकाच्याच सामानातून काही जिवंत निघालं, तर त्याचं काम तिथेच संपलं. मागे एका मुलाला असंच घरी पाठवलं होतं.

शोभनाआत्या नागपूरहून आली होती ती जणू हेच बघायला. व्हिडिओ कॉलवर ऐकून ऐकून तिला इथल्या पक्ष्यांची नावं पाठ झाली होती. उद्या तिचं परतीचं विमान होतं. तो सरडा बघितल्याशिवाय मी काही जात नाही, असं तिने सकाळीच बाबांना बजावलं होतं.

गाडीत रुचाचं तोंड एकदाच बंद झालं होतं, बॅग रात्रभर गराजमध्ये राहिल्याचं आठवलं तेव्हा. आत चिवडा होता. मऊ पडला असेल, एवढंच बाबा म्हणाले होते.

हिरवं जॅकेट चढवून ती परतली, तर आत्याची वेणी सुटली होती. आत्याची वेणी कधीच सुटत नसे. "काय वारा गं तुमच्याकडे," म्हणत आत्याने तिची बॅग परत दिली.

इथली प्रमुख मेव्ह. तिने आधी रुचाचीच बॅग उलटी करून झटकली. चिवड्याचा चुरा पडला, बाकी काही नाही. लोकरीची टोपी घरीच राहिली वाटतं, रुचाच्या मनात आलं.

"ग्रँड," मेव्ह म्हणाली, म्हणजे सगळं ठीक. आता पुढची तपासणी रुचाने करायची होती.

बाबांचे खिसे झाले. मग आत्या.

"पर्स उघड ना, आत्या."

"नाही उघडणार."

रुचा हसली. आत्या हसली नाही. घरच्याच पोरीने झडती घ्यायची, हे आपल्याला चालणार नाही, म्हणाली. ताई, मग पर्स गाडीत तरी ठेव, असं बाबा कुजबुजले. आत्याने तेही ऐकलं नाही. मागची रांग चुळबुळायला लागली.

रुचाचे कान तापले. सोडलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण मेव्ह बघत होती, आणि आत टिटव्यांची पिल्लं नुकतीच चालायला लागली होती.

"मग तुला आत येता येणार नाही."

"बरं," आत्या म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी दाबून धरलेली.

आत लोकांना फिरवताना रुचा बोलत नुसती सुटली. पिल्लं दिसली. सरडाही दिसला, अगदी फोटो काढायला बसल्यासारखा. शेवटी मेव्हने सगळ्यांसमोर तिच्या जॅकेटला बिल्ला लावला. परक्याला कुणीही अडवतं, ती म्हणाली, घरच्या माणसाला फाटकावर अडवणारी मुलगी आम्हाला हवी होती. बाबांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की रुचा लाजली. तिला वाटलं, आपली उंची वाढली आहे.

परतताना आत्याने बिल्ल्यावरून बोट फिरवलं. "शोभतोय हो तुला." रुचा खिडकीबाहेर बघत राहिली. एवढ्या लांब येऊन ज्या बाईला स्वतःचा मानच मोठा वाटला, तिच्याशी काय बोलायचं?

शहर मागे पडलं तसं आत्याने गाडी थांबवायला सांगितली. शेताच्या बांधाशी जाऊन ती खाली बसली आणि सगळ्यांदेखत पहिल्यांदा तिने पर्स उघडली.

आत रुचाची लोकरीची टोपी होती. तोंड वेणीच्या काळ्या रबराने आवळलेली, आणि विणीतून उंदराची बारीक शेपटी वळवळत होती.